सुतारकाकांचे रक्त आणि मी

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. रक्ताची गुठळी किती चटकन धरते, एवढेच मला कळते. बाकी सगळ्या बाबतीत मी ढ आहे.

मला दोन कारागिरांनी भांडत भांडत जोडले. तेव्हापासून या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळ माझे बूड टेकलेले आहे. माझ्या पोटात एक दिवा आहे. त्याच्यासमोर काचेच्या नळीत रक्ताचा गढूळ, पिवळसर भाग ठेवतात. गुठळ्या जमल्या की तो निवळतो, उजेड आरपार जातो आणि माझी रेघ वर चढते. हृदयाच्या रुग्णांना गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन देतात. ती लागू पडली, तर रेघ खालीच लोळत राहते. उमेदीच्या काळात माझे भारी कौतुक झाले. मग नवे यंत्र आले आणि माझ्यावर कापड पडले. प्रयोगशाळेतल्या ताई मात्र ते कापड काढून माझी काच पुसत राहिल्या. त्यांचे उपकार मी कसे विसरू?

एके दिवशी नवे यंत्र रुसले आणि सुतारकाकांचे रक्त माझ्याकडे आले. त्यांना हृदयाचा एक झटका येऊन गेला होता आणि रोजची अ‍ॅस्पिरिन चालू होती. माझी रेघ सरसर वर गेली. म्हणजे अ‍ॅस्पिरिनचा काही उपयोग नव्हता आणि दुसरा झटका कधीही येऊ शकत होता.

"यंत्र म्हातारं झालंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. मला फार लागले ते. ताईंनी अ‍ॅस्पिरिन लागू पडलेल्या दुसऱ्या रुग्णाचे रक्त लावून पाहिले. रेघ गुपचूप खाली राहिली. माझी अब्रू वाचली, पण काका गोत्यात आले.

"रोज माझ्या हाताने अ‍ॅस्पिरिन देते मी," सोबत आलेल्या काकू काकांवर उखडल्या. "माझी पाठ वळली की थुंकता की काय?"

"तुझी शपथ, गिळतो गं."

"ती सगळ्यांना सारखी लागू पडत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काका, आणखी कोणतं औषध घेता?"

"औषध काही नाही. उठल्याउठल्या गुडघ्याची गोळी तेवढी. ती काय औषधात धरायची?"

काकांनी खिशातून पेन्सिलीसोबत ती गोळीही बाहेर काढली. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, ही आधी रक्तात जाऊन जागा अडवते. मग अ‍ॅस्पिरिनने बसायचं कुठे?"

ती गोळी बंद झाली. गुडघ्याला दुसरे औषध मिळाले. काही दिवसांनी काका पुन्हा रक्त द्यायला आले, तेव्हा काकू माझ्यासमोरून हलेनात. त्यांच्याइतकीच धास्ती मलाही होती. पण रेघ वर चढलीच नाही.

"उगाच बोलले हो तुम्हाला," काकू काकांना म्हणाल्या. मग माझ्या झाकणावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "वाचवलंस रे बाबा." इतक्या वर्षांत मला कोणी असे म्हटले नव्हते. मी धन्य झालो.

मित्रांनो, घरातल्या मोठ्यांसोबत दवाखान्यात जाल, तेव्हा ते घेत असलेली प्रत्येक गोळी, अगदी किरकोळ वाटणारीसुद्धा, डॉक्टरांना सांगा. रक्तात काहीतरी चुकते आहे, हे मी दाखवीन. का चुकते आहे, ते मात्र मला कधीच कळणार नाही. ते तुम्हीच सांगायचे आहे.