घरटी तीन टोले

भागोजीकाकांनी पहिला टोला मारला तेव्हा आमच्या वाडीत कुणी श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही. मी तरी घेतला नव्हता. चेंडू वर गेला. म्हणजे विटी जाते तसा नव्हे, की गेली आणि आली. हा गेला आणि जातच राहिला. महिपतीआबांच्या आंब्याच्या शेंड्यावरून गेला, पलीकडच्या खाचरांवरून गेला, आणि सगळ्यात वर, जिथे घारी फिरतात तिथे, क्षणभर थांबला. आमचे शास्त्राचे मास्तर म्हणतील की असा थांबत नाही. पण मास्तर तिथे नव्हते, मी होते. मग तो अगदी हळू खाली आला, आणि कापलेल्या भाताच्या खुंटांमधून टणटण उड्या मारत गेला. कुत्री भुंकायचीसुद्धा विसरली.

"ह्याला गोल्फ म्हणतात," काका म्हणाले.

काका आमच्या भाऊकीतले. आमच्या शेजारचंच घर त्यांचं. मुंबईला एका साहेबी क्लबात ते कॅडी आहेत. कॅडी म्हणजे साहेब खेळतो तेव्हा त्याच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन मागून चालायचं, चेंडू कुठे पडला ते सांगायचं, आणि साहेबाचा टोला चुकला तर दुसरीकडे बघायचं. इंग्रज गेले तरी चार-दोन तिथे उरलेत, आणि बाकीचे आपलेच, पण काका म्हणतात की तेही साहेबासारखेच खोकतात. यंदा शिमग्याला येताना काकांनी एका साहेबानं टाकून दिलेली काठी आणली होती, खाली लोखंडी टाळकं असलेली, आणि झाडीत हरवलेले आणि यांना सापडलेले जुने चेंडू. मीही त्याच दिवशी महाडहून आले होते. मी तिथे मावशीकडे राहून नववीत शिकते. पोलादपूरपर्यंत एस.टी., आणि पुढे चढण. चढण चढून घामाघूम आले आणि समोर तो चेंडू आभाळात. दप्तर खाली ठेवायचं मला सुचलं नाही.

त्या क्षणापासून मला एकच पाहिजे होतं. एकदा, एकच टोला मला मारायचा होता.

दुसऱ्या दिवशी मी वेळूचं बुडखं घेतलं आणि परसात गळून पडलेल्या कैऱ्यांना मारत सुटले. कैरी फुटते, उडत नाही. तरी दहांत एखादी कुंपणाबाहेर जायची आणि मी लगेच दुसरी उचलायची.

इकडे काकांनी वाडीतल्या बाप्यांना जमवून मंडळ काढलं. देवीची पालखी घरोघर फिरून झाली की दुसऱ्या दिवशी सामना. भोक कुठे, झेंडा कुठे, सगळं ठरलं. फक्त एक अडचण होती. क्लबात म्हणे त्या भोकाभोवती हिरवळ असते, मखमलीसारखी, तिच्यावरून चेंडू घरंगळत जातो. आमच्याकडे फाल्गुनात हिरवं म्हणजे निवडुंग. मग काका आमच्या ओटीवर आले.

"वयनी, खळं करून द्याल काय? मळणीला करता तसंच, पर अजून गुळगुळीत."

आई आणि मी, शेजारच्या ठकूबाई आणि दोघी-तिघी, अशा आम्ही वरच्या खाचरात गेलो. ढेकळं फोडली, पाणी मारलं, चोपण्यांनी जमीन चोपली, आणि शेणानं सारवलं. एकदा, वाळल्यावर पुन्हा. आई काम करते तेव्हा आजूबाजूला बघत नाही. तिनं शेवटचा हात असा फिरवला की त्या गोलावर ऊन नुसतं सांडलं. काका वाकून वाकून बघत राहिले. म्हणाले, साहेबाच्या बापानं असं बघितलं नसंल.

आणि मग त्यांनी काथ्याची दोरी आणली, सगळ्या खेळाच्या जागेभोवती खुंट्या मारून बांधली, आणि आम्हाला म्हणाले, "आता बायांनी दोरीच्या आत यायचं नाय."

"का?" मी विचारलं.

"नेम हाय खेळाचा. आमच्या क्लबात बाय मेंबर नसते. साहेबाची मडम असली तरी नाय. ती बाहेर खुर्ची टाकून बसते, सरबत पिते."

"आणि तिच्या मनात आलं खेळायचं तर?"

"येत नाय मनात."

"तुम्ही विचारलंत तिला?"

"चंद्रभागे, पोरगी तुझी वकील व्हनार गो," ठकूबाई म्हणाल्या आणि हातावरचं शेण झटकत दोरीबाहेर निघाल्या. "चला बायांनो. खळं बायांचं नि भात बाप्यांचं."

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. काका वाईट नाहीत. मुंबईहून आले की माझ्यासाठी पेन्सिली आणतात. पण त्या क्लबातलं जे जे त्यांनी पाहिलं होतं ते ते सगळं त्यांनी देवाच्या सोवळ्यासारखं उचलून आणलं होतं. चेंडू पडण्याआधी टाळ्या वाजवायच्या नाहीत, हा नेम. टोल्याच्या वेळी बोलायचं नाही, हा नेम. बाई आत नको, हाही नेमच. काठीबरोबर गाठोड्यात बांधून आलेला.

घरी आले आणि चुलीपुढे बसून आईला म्हटलं, "तुला राग नाही आला?"

"खेळ त्यांचा, खेळू दे. आपल्याला चूल हाय."

"मला मारायचाय टोला."

"म्हाईत हाय. परसातल्या कैऱ्या सांगतात," आई म्हणाली आणि भाकरी उलटली.

सामन्याच्या दिवशी दोरीच्या आत बापे आणि दोरीबाहेर बांधावर आम्ही. महिपतीआबा आमच्या गावकीचे म्होरके. त्यांनी नारळ फोडला, चार दिशांना पाणी शिंपडलं आणि सांगितलं, "घरटी तीन टोले, तिन्ही हितनंच. मानाप्रमाणं घरं पुकारीन. ज्याचा चेंडू खळ्यातल्या भोकाच्या जवळ, त्या घराचा नारळ."

पालखी ज्या क्रमानं घरं घेते त्याच क्रमानं आबा पुकारू लागले. पहिलं घर आबांचंच. त्यांचे थोरले चिरंजीव मुंबईला गिरणीत आहेत, त्यांचा चेंडू आडवा जाऊन बाजूला पाणी पीत बसलेल्या दत्तारामच्या लोट्याला लागला. पुढच्या घरच्या सदूनं तर काठी अशी आपटली की चेंडू जागच्या जागी आणि मातीचं ढेकूळ चार हात पुढे.

"सदू, मिरगाला अजून अवकाश हाय रे," बांधावरून ठकूबाई म्हणाल्या. "आताच नांगरतोस काय?"

पण एखादा टोला लागायचा. कुणाचा तिसरा, कुणाचा दुसरा. आणि तो लागला की सगळे, दोरीच्या आतले आणि बाहेरचे, एकदमच मान वर करायचे. इतक्या माणसांना एकाच वेळी वर बघताना मी देवळातही पाहिलं नव्हतं.

"येसाजीचं घर," आबांनी पुकारलं.

येसाजी म्हणजे माझे बाबा. तेही मुंबईला गिरणीत. त्यांना यंदा रजाच मिळाली नव्हती. कुणी 'हाय' म्हटलं नाही.

"येसाजी नाय आला. पुढचं घर..."

मी उठून उभी राहिले. आवाज चांगला आला. शाळेत स्नेहसंमेलनाला भाषण केल्यापासून मला माझ्या आवाजाचा भरवसा वाटतो.

"आबा, काल पालखी आमच्या दारावरून तशीच पुढे गेली का?"

आबा वळले. "नाय गो. थांबली."

"बाबा नव्हते तरी?"

"घर हाय ना. चूल पेटते तिथं पालखी थांबते."

"आणि विहीर उपसायला आमच्या घराची पाळी आली तेव्हा? आई उतरली ना विहिरीत? तेव्हा घर वगळलं नाहीत. मग आज का वगळता?"

बापे एकमेकांकडे बघायला लागले. काका पुढे आले. "आबा, त्या कामाचं येगळं. हा खेळ हाय. क्लबाचा नेम..."

"काका," मी म्हटलं, "त्या क्लबाच्या ओसरीवर तुम्ही कधी चढलात?"

मला नुसतं जिंकायचं होतं. पण काकांनी जे तोंड केलं ते मी पाहिलं आणि शब्द परत घेता आले असते तर घेतले असते. ते आपल्या अनवाणी पायांकडे बघत राहिले.

"आमाला पायरीपतूर," ते शेवटी म्हणाले. "पिशवी पायरीशी ठेवायची. तिथनं मागं फिरायचं."

आबांनी पागोटं काढलं, डोकं पुसलं, पुन्हा घातलं. ते विचार करतात तेव्हा असंच करतात, आणि तोवर गाव थांबतं.

"भागोजी," ते म्हणाले, "साहेबाचा नेम साहेबाच्या गावात. हितं घर वगळलं नि उद्या देवीनं जाब इचारला, तर तुझा साहेब येनार नाय निस्तरायला. येसाजीच्या घराचे टोले व्हतील."

माझा एक पाय दोरीपलीकडे पडलासुद्धा.

"तू न्हवं," आबा म्हणाले. "पालखीला ओवाळलं कुणी?"

"आईनं."

"मग घर ती. चंद्रभागा, ये गो."

मी ज्या रीतीचा पदर धरून ओढत होते तिनंच मला मागे ओढलं. बरं, भांडायलाही जागा नव्हती, कारण भांडून मीच ती रीत उभी केली होती. बांधावरच्या बाया एकमेकींना ढोसायला लागल्या. "जा गो, येसाजीची गिरण तूच चालव आता." आईनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती नाही म्हणेल. तिनं पदर खोचला, दोरी वर उचलली आणि खालून आत गेली.

चेंडू कुणी ठेवायचा हा प्रश्न होता. बाकीच्यांचा काका ठेवत होते. क्षणभर ते उभेच राहिले. मग गुडघ्यावर बसले, ओल्या मातीचा एवढासा उंचवटा केला आणि त्यावर चेंडू ठेवला.

"वयनी, नजर चेंडूवरनं काढू नका. दुसरं काय नाय."

पहिल्या टोल्याला काठी नुसती हवेतून गेली. सुईऽऽ असा आवाज आला आणि चेंडू जागेवरच. सदू सगळ्यांत मोठ्यानं हसला. आईनं हसणाऱ्यांकडे पाहिलं नाही. सारवताना बघत नाही तशीच. पाय थोडे फाकवून घट्ट रोवले, आणि काठी मागे नेली, हळू, अगदी खांद्यामागे.

मग जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. सुकं लाकूड एका घावात उभं फुटतं ना, तसा, पण त्याहून स्वच्छ. सगळ्यांच्या माना वर गेल्या. माझी नाही गेली. मी आईकडे बघत होते. आई वर बघते ती वाळत घातलेल्या मिरच्यांवर कावळा आला तर. आता ती वर बघत होती आणि बघतच होती, तोंड थोडं उघडं, गळ्याची शीर ताठ, काठी खांद्यावर विसरलेली. तिचा चेहरा मला ओळखता येईना. किती लहान दिसत होती ती. माझ्याएवढी. माझ्या वर्गात बाकावर येऊन बसली असती तर कुणी विचारलं नसतं. रोज ज्या बाईच्या हातची भाकरी खाते तिच्या आत ही कोण इतकी वर्षं बसली होती, आणि कुणी तिला हाक कशी मारली नव्हती?

"खळ्याच्या कडेला पडला," वरून कुणीतरी ओरडलं. सदू आता हसत नव्हता. काका हळूच म्हणाले, "आयला."

मग आई दोरीशी आली आणि काठी माझ्यापुढे धरली. आबांकडे बघून म्हणाली, "तिसरा घराचाच हाय ना? हिनं मारला तर चालंल?"

"घरातल्या कुणीबी मारा," आबा म्हणाले.

काठी माझ्या हातात आली. वाटली होती त्याहून जड होती, आणि आईच्या तळव्यांनी गरम झालेली. दुसरा चेंडू मांडलेला होता. चार दिवस मी दुसरं काही मागितलं नव्हतं. आणि मी आईच्या हातांकडे पाहिलं. काठी माझ्याकडे असूनही तिची बोटं तशीच वळलेली होती, धरल्यासारखी.

"तूच मार," मी म्हटलं.

"तुला पायजे व्हता ना?"

"पाहिजेच आहे. पण मला आधी पुन्हा बघायचंय."

आईनं एकदाही नको म्हटलं नाही. काठी माझ्या हातून जवळजवळ ओढूनच घेतली.

मी दोरी ओलांडली आणि पळत सुटले. खुंटांतून, बांधांवरून, वर, थेट खळ्यापर्यंत. मला कुणी अडवलं नाही. आम्हीच सारवलेल्या त्या गोलावर, झेंड्याशेजारी जाऊन मी उभी राहिले. तिथून सगळं वेगळंच दिसत होतं. दोरी दिसतच नव्हती. खाली माणसांचा घोळका, मागे सावित्री नदीची पांढरी रेघ, आणि मध्ये एक हिरवं लुगडं, एवढंसं. त्यानं काठी मागे नेली. काठी फिरलेली आधी दिसली, आवाज मागून आला.

चेंडू उन्हात शिरला आणि दिसेनासा झाला. मग दिसला. काका खालून हात हलवून ओरडत होते, "आवडे, बाजूला हो, लागंल." मी हलले नाही. तो आमच्या घराचा टोला होता, आणि तो माझ्याकडे येत होता.