कॅलोवे रँचची मुकी घंटा

मी घंटा बोलतेय. तुम्ही दचकू नका, ते काम माझं. साधी झुळूक आली तरी मी दचकते.

पहिल्यांदा खटकलं ते अगदी एवढंसंच. कॅलोवे रँचच्या ओसरीत मला टांगलं, त्या दिवशी घरच्या आईने दोर ओढून सगळ्यांना जेवायला बोलावलं. कुरणातून तिघे मुलगे धावत आले, "आलो, आई!" म्हणत दारातून आत शिरले, आणि लगेच मागच्या बाजूने बाहेर पडून सिगारेटी ओढत उभे राहिले. जेवलं कुणीच नाही.

मग कळलं, दाराआड घरच नव्हतं. समोर रंगवलेली लाकडी भिंत, मागे टेकू. सगळं टीव्हीवरच्या मालिकेसाठी उभारलेलं. आई म्हणजे डोरोथियाबाई, नटी. मुलगेही नटच.

मी मात्र खरी होते. ओहायोतल्या एका ओतशाळेत माझा जन्म. पुढे एका शेतावर राहिले. तिथे माझा आवाज ऐकला की माणसं नांगर सोडून यायची. बहुतेकदा जेवायला, एकदा गोठा पेटला म्हणून. हाक मारली की माणूस येतो, हे मी तिथे शिकले. शेत विकलं गेलं आणि मी इथे, कॅलिफोर्नियाच्या कोरड्या डोंगरांत आले.

त्या पहिल्या दिवशी मी मन लावून वाजले. त्या आवाजाने ओसरीपुढचे घोडे उधळले.

"अरे, हिचं तोंड बांधा आधी!" कानाला यंत्र लावून बसलेला माणूस ओरडला. "घंटेचा आवाज आपण मागाहून घालू."

घोडे सांभाळणारा हॉबार्ट स्टुलावर चढला. माझा लोळा, म्हणजे माझी जीभच, त्याने कातड्यात गुंडाळली आणि वादीने आवळली.

"रागावू नकोस गं पोरी," तो हळूच म्हणाला. "घोडी बिथरतात माझी. काम संपलं की सोडतो."

पुढे किती वर्षं डोरोथियाबाई माझा दोर ओढत राहिल्या. मी नुसती हलायचे. कुणीतरी हाताने खूण करायचं आणि मुलगे धावत यायचे. न मारलेल्या हाकेला ओ मिळायची! मला त्याची भीतीच वाटे. टीव्हीवर म्हणे माझा आवाज फार गोड होता. तो कुणा दुसरीचा होता.

मालिका संपली. माणसं गेली, घोडे गेले. राखणीला हॉबार्ट उरला आणि त्याची म्हातारी घोडी जुनिपर. कातडं सोडायचं तो विसरूनच गेला. मालिकेच्या आठवणीने कुणी बघायला आलं आणि माझ्या दोराला हात घातला, तर तोच म्हणायचा, "ओढा खुशाल. खोटी आहे ती."

तरी रोज दुपारी ओसरीच्या पायरीवर डबा उघडताना तो माझ्याकडे बघायचा.

"काय मालकीणबाई, आज जेवायला काय? पुन्हा वाराच?" स्वतःच हसायचा, मग सांगायचा. "माझी आई वाजवायची अशी घंटा. असेन तिथून पळत सुटायचो. उशीर केला की पाठीत धपाटा!"

आज तो जेवून तबेल्यात आडवा झाला. सकाळपासून डोंगरावरून गरम वारा सुटला होता. मग मागच्या कड्यावर धूर दिसला. पाहता पाहता गवत पेटलं आणि ज्वाळा उतारावरून तबेल्याकडे निघाल्या.

मी जिवाच्या आकांताने हलले. थप्. कातड्याचा आवाज. थप्. हॉबार्टला आधीच कमी ऐकू येतं. ऊठ रे, ऊठ! ओसरीपुढे बांधलेली जुनिपर दावं ताणून फुरफुरत होती.

वारा मला पिळवटत होता. उन्हाने वाळून कडक झालेली वादी कडकली, तुटली. कातडं गळून पायरीवर पडलं.

मी वाजले. आवाज चिरका होता, गंजलेला होता, पण माझा होता. ओसरी थरथरली. जुनिपर मागच्या पायांवर उभी राहून खिंकाळली. तबेल्याचं दार बंदच. मी पुन्हा वाजले. पुन्हा.

दार धाडकन उघडलं. विस्कटलेले केस, एका पायात बूट, डोळ्यांवर अजून झोप. आणि त्या म्हाताऱ्याच्या घशातून लहान मुलासारखा आवाज आला:

"आलो, आई! आलो!"