मावशींच्या नंबरावर

माणसाचा चेहरा मी नंतर बघते, आधी पाय. सात वर्षं बुटांच्या दुकानात गुडघ्यावर बसून दुसऱ्यांच्या पायांत बूट चढवले की असंच होतं. पाय खोटं बोलत नाहीत. ते काम कंपनीनं आमच्यावर सोपवलं होतं.

ते खोटं म्हणजे जेलचे सोल. बुटाच्या आत घालायचे, निळे, लिबलिबीत, जेमतेम चार महिने टिकणारे. बूट काय, लोक घ्यायलाच येतात. पण प्रत्येकीनं दिवसाला सोलचे सहा जोड खपवायचेच, असं टार्गेट होतं. दिवसभर कुत्रं फिरकलं नाही तरी सहा. कमी पडले की दुसऱ्या दिवशी शटर उघडायच्या आधी सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं, "काल मी कमी पडले." महिन्यात तीनदा असं म्हणावं लागलं की घरी बसायचं.

मॅनेजर कधी ओरडत नसे. पाठीमागे आम्ही त्याला गोडबोल्या म्हणायचो. बाथरूमची किल्ली त्याच्या खिशात असायची, आणि मागायला गेलं की हसून विचारायचा, "किती झाले आज, ताई?" दोन झाले असं सांगून किल्ली घ्यायची लाज वाटायची. म्हणून आम्ही पाणीच कमी प्यायचो.

आमच्यात सगळ्यात जुन्या मावशी. एकोणीस वर्षं पाच महिने झाले होते त्यांना. वीस भरली की कंपनी पेन्शन देते, एक दिवस जरी आधी काढलं तर हात हलवत परत. म्हणजे फक्त सात महिने उरले होते. पण मावशींचा उजवा गुडघा पार गेला होता. हे आम्हा तिघींनाच ठाऊक होतं. गोडबोल्याला कळलं असतं तर 'उभं राहण्यास असमर्थ' असा शेरा मारून त्यानं त्याच दिवशी निरोपाचा नारळ दिला असता. शिवाय त्यांना सोल विकताच येत नसत. गिऱ्हाइकानं विचारावं, "खरंच लागतात का हो हे?" आणि मावशींनी सरळ सांगावं, "तसे काही लागत नाहीत." आता बोला!

म्हणून आम्ही टाका घालायचो. विक्री झाली की चिठ्ठीवर आपला नंबर लिहायचा आणि चिठ्ठी काउंटरवर जायची. जिचे सहा झाले, तिनं पुढच्या चिठ्ठीवर मावशींचा नंबर लिहायचा. "मावशींना टाका घातला गं," एवढंच एकमेकींना सांगायचं. मावशी यावर कधी अवाक्षर काढत नसत. फक्त जेवताना आपल्या डब्यातलं काहीतरी माझ्या डब्यात सरकवायच्या. "खा टकळे, बडबडून घसा सुकला असेल." टकळी हे माझं दुकानातलं नाव, आणि ते मला शोभतं हे मी मान्य करते.

गुरुवारी मात्र माझी अक्कल शेण खायला गेली. दुपारी मी मागच्या खोलीत शिडीवर चढून खोकी काढत होते, तेवढ्यात गोडबोल्यानं मावशींना दुसऱ्या शाखेतून एक मापाचा जोड आणायला पाठवलं. मला पत्ताच नाही. खाली उतरले ती थेट गिऱ्हाइकांच्या गर्दीत. चारपर्यंत माझे सहा झाले, मग पुढचे चार मी बिनदिक्कत मावशींच्या नंबरावर लिहिले. मावशी तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला बसची वाट बघत उभ्या होत्या.

सहा वाजता त्या खोकं काखेत धरून दारातून आत आल्या, आणि चिठ्ठ्या तर केव्हाच काउंटरवर गेल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी गोडबोल्यानं आम्हाला रांगेत उभं केलं. हातात कालच्या चिठ्ठ्या होत्या.

"मावशींची कमाल आहे," तो हसत म्हणाला. "मी त्यांना बाहेर पाठवलं, तरी त्यांनी इथे चार जोड विकले. मला पण शिकवा की, मावशी."

मावशी खाली बघत होत्या.

"ज्या कोणी हे केलंय, तिनं उद्या दुपारपर्यंत माझ्याकडे यावं. नाही आली, तर हे कागद मी मावशींच्या नावानं वरच्या ऑफिसला पाठवतो. झालं तर मग. चला, शटर उघडा."

तो दिवस कसा गेला ते माझं मला माहीत. एका गिऱ्हाइकाच्या बुटाची नाडी मी तीनदा सोडून बांधली. मावशी एकदाच जवळून गेल्या आणि पुटपुटल्या, "तू गप्प राहा गं. माझं काय, मी म्हातारी." त्या पन्नाशीच्याही पलीकडे फार गेल्या नव्हत्या.

घरी आईला सांगितलं. ती भडकली. "कोणी सांगितलं होतं नसतं झेंगट गळ्यात घ्यायला? घरात कमावणारी तू एकटी!" मग बराच वेळ भांडी घासत राहिली आणि पाठमोरीच म्हणाली, "पण जाऊन सांग. नाही सांगितलंस तर तुला जेवण गोड लागायचं नाही." जेवण तसंही गेलं नव्हतं.

शनिवारी दुपारी मी त्याच्या केबिनचं दार वाजवलं. कसंबसं म्हटलं, "सर, त्या चिठ्ठ्या मी लिहिल्या. बाकी कोणी नाही. मावशींना यातलं काही माहीत नाही. त्यांना गिऱ्हाइकाशी बोलायला जमत नाही, म्हणून मी…"

गुडघ्याचं मी बोलले नाही. तेवढी शुद्ध होती.

मी समजले होते की आता नोकरी गेली. पण त्यानं मला खुर्ची दिली. सात वर्षांत पहिल्यांदा. खरं सांगते, त्या खुर्चीची मला ओरडण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

"म्हणजे तुम्ही एकट्या दिवसाला दहा विकू शकता," तो म्हणाला. "आणि आम्हाला वाटायचं, सहाच."

"गर्दी होती, सर, त्या दिवशी…"

"बारा करा. सहा तुमचे, सहा मावशींचे. चिठ्ठीवर त्यांचाच नंबर लिहा, जसं चाललंय तसंच. बाकीच्या दोघींनी हात लावायचा नाही. आणि मावशींना कळू देऊ नका हं, त्यांना वाईट वाटेल." त्यानं गुरुवारच्या चिठ्ठ्या खणात ठेवल्या. "ज्या दिवशी बारा होणार नाहीत, त्या दिवशी या वर जातील."

"सात महिने, सर?"

"तुम्हाला त्यांची एवढी काळजी आहे, म्हणून तर."

बाहेर आल्यावर मावशींनी डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "मिटलं." त्यांनी माझा हात असा दाबला की मला रडूच आलं.

पहिले तीन दिवस मी बारा कसे विकले ते विचारू नका. म्हाताऱ्यांना घाबरवलं, आयांना लाजवलं. नको म्हणणाऱ्याच्या बुटात सोल आधीच सरकवून ठेवले. दार उघडलं की मला माणूस दिसत नव्हता, पायही दिसत नव्हते, फक्त आकडा दिसायचा.

चौथ्या दिवशी बंद व्हायच्या वेळी अकरा झाले होते. एक बाई आली. तिचे पाय बघितले आणि ओळखलं, ही दिवसभर उभं राहून काम करणारी. टाचा फुटलेल्या, घोटे सुजलेले, माझ्यासारखेच. तिनं सगळ्यात स्वस्त काळे बूट घेतले.

"यात सोल घालून देते," मी म्हटलं.

"नको. परवडत नाहीत."

"अहो, नाही घातले तर टाच धरेल."

"बघू पुढं."

ती उठायला लागली. घड्याळात दहा मिनिटं उरली होती, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. काउंटरवर गोडबोल्या दिवसाची बेरीज करत होता. मी तिचा पाय सोडलाच नाही.

"टाचेचं सोडा, ताई, गुडघे जातात. खोटं वाटतं? त्या समोरच्या मावशींना बघा. वीस वर्षं अशाच उभ्या राहिल्या, बिनसोलच्या. आज एक पायरी चढता येत नाही."

मावशी खोकी लावत होत्या. त्यांनी ऐकलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग काउंटरकडे. मग हातातली खोकी उचलून त्या दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. ताठ, भराभर, जराही न लंगडता. ओठ तेवढे पांढरे पडले होते.

"त्या तर चांगल्या चालतायत की," बाई म्हणाली आणि पाय ओढून घेऊ लागली.

"नाही हो!" मी जवळजवळ ओरडले. "त्या लपवतात! उजवा गुडघा पार गेलाय त्यांचा, आम्ही रोज बघतो ना!"

काउंटरवरचं बेरजेचं यंत्र थांबलं. गोडबोल्यानं मान वर केली आणि मावशींच्या पायांकडे बघितलं.

बाईही तिकडेच बघत होती. ती घाबरली होती.

"द्या मग एक जोड," ती म्हणाली.

मी चिठ्ठी काढली आणि मावशींचा नंबर लिहिला.