पंधरा दिवस खुंटीवर

मी चिक्कतायम्माच्या स्वयंपाकघरातली काठी बोलतेय. दचकू नका, मी मारायची काठी नव्हे, नाचणी घाटायची. म्हैसूरकडच्या आमच्या गावात माझ्यावाचून जेवण होत नाही.

चिक्कतायम्माच्या नवऱ्याने लग्नाच्या वर्षी मला चिंचेच्या फांदीतून तासून काढलं. तो पैलवान होता. आता तो नाही, पण त्याची हौस सतरा वर्षांच्या लेकीत, रंजितात, उतरली आहे.

चिक्कतायम्मा तापलं भांडं खाली उतरवून दोन पायांत धरते आणि मला अशी गरगर फिरवते की पिठाची एक गुठळी राहत नाही. काय तिचे दंड! मला तिचं भारी कौतुक. आणि स्वतःचंही, खरं सांगते. ताकद म्हणजे मी घाटलेला नाचणीचा गोळा. सार काय, तो गिळायला ओलावा, असं मला वाटायचं.

यंदा दसऱ्याच्या कुस्त्या जवळ आल्या आणि रंजिताचं वजन तिच्या गटापेक्षा दोन किलो जास्त भरलं. कुणीतरी तिच्या कानात भरवलं, नाचणी बंद कर, तेल बंद कर. पोरगी नुसत्या उकडलेल्या कुळथावर आणि अंड्याच्या पांढऱ्यावर राहायला लागली. मी गेले खुंटीवर. एकटीसाठी चिक्कतायम्मा मला कशाला काढते? तीही काहीबाही खाऊन उठायची.

पंधराव्या दिवशी तालमीचे उस्ताद महादेवअण्णा रंजिताला हाताला धरूनच घरी घेऊन आले. सरावात एका नवख्या पोरीने तिला चीत केलं होतं.

"चिक्कताई, ही काय खाते?"

रंजितानेच सांगितलं. उस्ताद भडकले. "अगं, तालमीच्या मातीलासुद्धा आपण तेल, लोणी, ताक पाजतो. आणि स्वतःच्या अंगाला कोरडं ठेवतेस? गोळा म्हणजे जळण. ते नसलं की अंग तुझं कुळीथच जाळून टाकतं. मग झिजलेलं भरून कशाने निघणार? आणि तेलाचा थेंब नसेल तर पालेभाजीतलं निम्मं सत्त्व वायाच जातं."

"पण अण्णा, वजन?"

"वरच्या गटात खेळ."

"तिथे शिवम्मा आहे! आपटेल मला."

"आपटू दे. पोटभर जेवून आपटून घे."

चिक्कतायम्माने डोळे पुसले आणि मला खाली काढलं. पण गोळा एकच वळला. त्यासोबत कुळथाचं दाट सार, तेलाची फोडणी दिलेला पाला, अंडं सगळ्या बलकासकट. एकच गोळा, हे माझ्या मनाला जरा लागलंच. शाळेत यांनाच पिष्टमय पदार्थ, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ म्हणतात म्हणे. त्या ताटाकडे बघून मला पहिल्यांदा कळलं, ताकद माझी एकटीची कधीच नव्हती.

दसऱ्याला शिवम्माने रंजिताला हरवलं, पण एका गुणाने. पूर्ण सहा मिनिटं आमची पोर तिच्यापुढे उभी राहिली.

आता माझं टोक चिरलंय, फार वर्षं उरली नाहीत. तुमच्याकडे माझ्या गोळ्याच्या जागी भाकरी असेल, भात असेल. कुणी काही सांगितलं म्हणून त्याला खुंटीवर टांगू नका, आणि माझ्यासारखं त्याला एकट्याला डोक्यावरही चढवू नका.

कुस्ती हरली त्या संध्याकाळी रंजिता दारातूनच आईला हाका मारत आली होती, "अव्वा, भूक लागलीय! बाजूला सर, आज मी घाटते."


तिने भांडं पायांत धरलं आणि मला हातात घेतलं. पकड थेट बापाची होती.