मिटलेले ओठ

काच कापण्याआधी धाकटा हलक्या आवाजात म्हणायचा, “बघ हं, सरळ जाऊ दे.” नवे गिऱ्हाईक इकडेतिकडे बघायचे. दुकानात तर दुसरे कोणी नाही, मग हा बोलतोय कुणाशी? तोवर त्याने कटर रॉकेलात बुडवून पट्टीच्या कडेने एकच रेघ ओढलेली असायची. काच टेबलाच्या कडेवर आणून तळहाताने ठक्कन दाबली, की दोन तुकडे. हे काम त्याला वडिलांनी शिकवले होते. देवाशी असे खासगीत बोलायला मात्र कोणी शिकवले नव्हते. ती खोड त्याची त्यालाच लागली होती.

त्यांच्या पंथाची रीत निराळी होती. प्रार्थनाघरात रांगेने उभे राहायचे आणि पंथाचे प्रमुख, मोठे बाबा, सांगतील ते शब्द, सांगतील त्या चालीत म्हणायचे. पंथाचे दोन नियम शेंबड्या पोरालाही पाठ असत. पहिला, प्रार्थनेत ज्याचे ओठ हलताहेत त्याच्यावर हात उचलायचा नाही, मग तो खुनी का असेना. दुसरा, शिस्तीचा दांडा सख्ख्या नात्यातल्या माणसानेच चालवायचा, म्हणजे त्या मारण्यात सूड उरत नाही.

धाकट्याची बहीण एकदा भर प्रार्थनेत हसली. कशाला हसली कोण जाणे, तिचे तिलाही आवरले नसेल. मोठ्या बाबांनी दांडा दादाच्या हातात दिला. दादा म्हणजे धाकट्याचा थोरला भाऊ, सुतार. दादाच्या चौकटी आणि धाकट्याच्या काचा गावातल्या निम्म्या खिडक्यांना होत्या. दादाने दांडा उचललाच नाही, तेव्हा बाबांनी तो हिसकावला आणि स्वतःच तिच्या कोपरावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. दोघे भाऊ मुठी आवळून बाबांच्या अंगावर धावले, आणि बाबांनी डोळे मिटून ओठ हलवायला सुरुवात केली. आधी दादाची मूठ खाली आली. मग धाकट्याचीही आली. पण तो इतका जवळ उभा होता, की बाबांचा एक डोळा किलकिला असलेला त्याला दिसला. मुठी खाली गेल्या की नाही, तेवढे बाबा बघून घेत होते.

धाकट्याने त्यानंतर प्रार्थनाघराची पायरी चढली नाही.

“देव सोडलास म्हणे?” शेजारच्या शिंप्याने विचारले.

“देवाला नाही, तुम्हाला सोडलंय.”

“मग एकच की ते!”

“तुम्हाला ते एकच वाटतं ना, तिथंच तर आपलं फाटलं.”

“फाटलंय तर माझ्याकडे आण, शिवून देतो,” असे म्हणून शिंपी हसला, आणि संध्याकाळी जाऊन हे सगळे बोलणे त्याने बाबांच्या कानावर घातले.

ते आले भर दुपारी. पुढे बाबा, मागे बेकरीवाला, शिंपी आणि प्रार्थनाघरातले आणखी काही गडी. सगळ्यांत मागे मान खाली घालून दादा. धाकट्याची बायको दुकानामागच्या स्वयंपाकघरात होती. कोणीतरी आधी तिच्या दाराला बाहेरून कडी घातली.

“अहो, कोण आलंय? दार कुणी लावलं?” ती आतून ओरडली. मग तिला आवाज ओळखू आले. “मुडद्यांनो! एका माणसासाठी एवढी वरात आणलीत? भावजी, तुम्हीपण आहात का हो त्यात?”

दादा त्या दाराकडे पाठ करून उभा राहिला.

बेकरीवाल्याने लाकडी घोडीला टेकून ठेवलेल्या काचांना लाथ घातली. आख्खी रांग एकमेकींवर रेलली आणि कडाडून खाली आली. काचेचे तुकडे धाकट्याच्या पोटऱ्यांत घुसले. दोघांनी त्याचे हात मागे पिरगाळून त्याला त्या चुऱ्यात गुडघ्यांवर बसवले.

“दांडा थोरल्याकडे द्या,” बाबा म्हणाले. मग ते वाकले आणि अगदी मायेने बोलू लागले. “लेकरा, मला यात आनंद नाही. तू एक ओळ म्हण. मोठ्यानं नको, नुसते ओठ हलव. तुझे ओठ हलले की दांडा खाली आणि तू परत आमचा. नाही हलले, तर हलेपर्यंत दांडा चालेल.”

धाकट्याने ओठ मिटून घेतले.

पहिला फटका खांद्यावर बसला, तो बेताचाच.

“काय दादा, गादी झटकताय का?” बेकरीवाला म्हणाला. काही जण हसले.

दुसरा फटका तसा नव्हता. धाकट्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि घशातून एक शब्द उसळून वर आला. तो शब्द बाबांनी शिकवलेला नव्हता. काच कापताना ज्याला तो ‘बघ हं’ म्हणायचा, त्यालाच मारलेली ती हाक होती. पोर ठेच लागल्यावर आईला मारते तशी. ती जिभेवर आली, दातांपर्यंत आली, आणि तिथे त्याने ती अडवली. आता ओठ उघडले तर हाक देवापर्यंत पोचायच्या आत बाबा ती उचलून आपल्या खात्यात घालणार होते.

मार खाण्यापेक्षा हे अवघड होते. एवढी गरज असताना हाक मारायची नाही, हे त्याला उभ्या आयुष्यात जमले नव्हते. बोट कापले तरी तो देवाशी भांडायचा. फटके पाठीवर, बरगड्यांवर पडत राहिले. बरगडीत काहीतरी कटकन तुटले. त्याने खालचा ओठ दातांखाली धरला आणि चावला. दात आरपार गेले. तोंड रक्ताने भरले, आणि ते थुंकायलाही ओठ उघडायला हवे होते, म्हणून तो ते गिळत राहिला.

“हात पुढं घ्या त्याचा,” बाबा म्हणाले. “उजवा.”

उजवा हात ओढून काच कापायच्या टेबलावर दाबून धरला गेला. दादा खाली वाकला. त्याच्या अंगाला घामाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास येत होता.

“हलव ना रे,” तो कुजबुजला. “खोटं खोटं हलव. ढोंग कर. मी आहे ना इथं, मी सांगेन हलले म्हणून. पाया पडतो तुझ्या.”

धाकट्याने फक्त त्याच्याकडे पाहिले. त्याला सांगायचे होते, की दादा, एवढी एकच गोष्ट माझी स्वतःची आहे रे. पण तेही सांगता येत नव्हते.

आतून दार धडाधड वाजत होते. “भावजी, त्याच हातानं तुमच्या चौकटी भरल्यात हो!”

दादाने डोळे मिटले आणि दांडा खाली आणला. मनगट सुकलेल्या फांदीसारखे मोडले. धाकट्याच्या नाकातून असा काही आवाज आला, की त्याचे खांदे धरणाऱ्या शिंप्याने तोंड फिरवले. ओठ मात्र मिटलेलेच राहिले. हनुवटीवरून रक्ताची धार टेबलावर गळत होती.

“पुन्हा,” बाबा म्हणाले.

दादा जागचा हलला नाही. दांडा त्याच्या हातात लोंबत राहिला.

“इकडे आणा. असल्या कामाला छातीत दम लागतो,” असे म्हणून बेकरीवाल्याने दांड्याला हात घातला.

“तू नात्यातला नाहीस,” दादा म्हणाला.

“अरे सोड! नातं कसलं घेऊन बसलास?”

पुढे काय झाले ते दादालाही नीट सांगता आले नसते. त्याने दांडा झटक्यात सोडवला आणि तोच फिरवून बेकरीवाल्याच्या जबड्यावर हाणला. दोन दात काचांच्या चुऱ्यात जाऊन पडले. बेकरीवाला आडवा झाला. दादाचे डोळे बघून त्याची अशी पाचावर धारण बसली, की तो भराभर प्रार्थना पुटपुटू लागला. घाईत त्याला जेवणाआधीचीच आठवली. आजच्या घासाबद्दल तो रक्ताळलेल्या तोंडाने देवाचे आभार मानत होता.

“थांब!” बाबा ओरडले. “ओठ हलतायत त्याचे!”

“दिसतंय मला,” दादा म्हणाला, आणि त्याने पुन्हा हाणले. मग आणखी एकदा, गुडघ्यावर.

कोणी त्याला धरले नाही. उलट सगळे एकेक पाऊल मागे सरकले, जणू त्याला काही लागट रोग झाला होता. बाबांचा चेहरा पांढरा पडला. “तू मेलास आम्हाला,” ते म्हणाले, पण उंबऱ्याच्या पलीकडे गेल्यावर. कण्हणाऱ्या बेकरीवाल्याला उचलून मंडळी रस्त्याला लागली.

दादाने स्वयंपाकघराची कडी काढली. भावजय बाहेर आली ती त्याच्या सणसणीत मुस्काटीत देऊनच. मग तिने नवऱ्याकडे पाहिले आणि डॉक्टरला आणायला अनवाणीच धावली.

दोघे भाऊ भिंतीला टेकून बसले. धाकट्याने आता कुठे तोंड उघडले आणि साठलेले रक्त थुंकले.

“मनातल्या मनात म्हणत होतास ना?” दादाने विचारले.

“सुचलं नाही काही,” फाटक्या ओठांतून शब्द धड निघत नव्हते. “नुसतं दुखत होतं. त्याला कळलं असेल तर असेल.”

दादाने दांडा दूर सारला. “मी प्रार्थनेतल्या माणसाला मारलं. आता मला कुणीच नाही रे. देवसुद्धा नाही.”

“तो काय प्रार्थनाघरात बसून असतो?”

“मला त्या पाठ ओळींशिवाय काही येत नाही. तू कसा बोलतोस?”

“जे असेल ते सांगायचं.”

दादाने छताकडे पाहिले, बाबांनी शिकवल्याप्रमाणे हात जोडले, सोडले, पुन्हा जोडले. शेवटी ते मांडीवर ठेवले.

“अहो,” तो म्हणाला, “ऐकताय का? मी माझ्या भावाचा हात मोडलाय.”

पुढचे वाक्य त्याला येईना. त्याने मदतीसाठी धाकट्याकडे पाहिले. धाकट्याने डोळे मिटून घेतले आणि त्याला एकही शब्द सांगितला नाही.