यशवंतचा अर्धा सदरा

मी एक जुना सागवानी साचा आहे, मित्रांनो. साबणाचा साचा! झाशीच्या रेल्वे कारखान्यातल्या विठोबा मिस्त्रींनी मोडक्या डब्याच्या फळीतून मला घडवलं. तळाशी ‘भांडार’ ही अक्षरं उलटी कोरली, म्हणजे वडीवर ती सुलटी उमटतील.

तेव्हा वाफेची इंजिनं होती. रेल्वे कॉलनीत नोकरदारांचं सहकारी भांडार होतं. इंजिनात कोळसा घालणाऱ्या यशवंतची बायको इंदुमती आणि तिच्या चार मैत्रिणी भांडारासाठी महुआच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाचा साबण करायच्या. माझ्यातून निघालेली वडी पिवळट, ओबडधोबड असे. शेजारच्या फळीवर कंपनीचा साबण दिमाखात बसे. गुलाबी कागद, सोनेरी नाव आणि काय तो सुवास! गिऱ्हाईकं आमची वडी पिशवीच्या तळाशी लपवून नेत. मला फार वाईट वाटे.

एके दिवशी भांडाराचे सेक्रेटरी नारायणराव म्हणाले, “वहिनी, पुढच्या महिन्यापासून आपला साबण बंद. लोकांना नावाचा माल हवा.”

इंदुमतीचा चेहरा उतरला. पाच घरांचं काम जाणार होतं. पण लगेच पदर खोचून ती म्हणाली, “खुशाल बंद करा. पण आधी दोन्ही साबणांनी धुऊन बघू. रविवारी, सगळ्यांसमोर!”

रविवारी नळापाशी ही गर्दी! इंदुमतीने मला मानाने कट्ट्यावर ठेवलं. यशवंतचा काजळीने काळाठिक्कर पडलेला सदरा तिने उचलला आणि टर्रकन मधोमध फाडला.

“अगं, माझा कामाचा सदरा तो!” यशवंत ओरडला.

“मळ दोन्हीकडे सारखाच हवा ना?”

कोणता तुकडा कोणत्या साबणाने धुतला ते दिसू नये म्हणून नारायणराव पाठ करून बसले. इंदुमतीची मैत्रीण शारदा हिने एक अर्धा आमच्या वडीने घासला, दुसरा कंपनीच्या. झाशीचं पाणी जड, त्यात साबणाला सहज फेस येत नाही. कंपनीच्या साबणाला फेस बेताचाच आला. आमचा मात्र बादलीबाहेर उतू चालला! लोक तोंडावर हात धरून उभे होते. माझं लाकूड धडधडत होतं म्हणा ना!

दोन्ही तुकडे दोरीवर चढले. नारायणराव वळले, चष्मा पुसला, कापड चिमटीत धरून पाहिलं. एक बरा होता, पण कॉलरवर काळी रेघ राहिली होती. दुसरा लख्ख.

“हा! हा कंपनीचा. शंकाच नको!” लख्ख तुकड्यावर बोट ठेवत ते म्हणाले.

एकच हशा उसळला. एक ड्रायव्हर ओरडला, “अरे सेक्रेटरी जी, जो तो अपने भंडार को है!” म्हणजे, हा तर आपल्याच भांडाराचा!

नारायणराव ओशाळले, मग स्वतःच खदखदून हसले. “वहिनी, हरलो. साबण चालू राहील. आणि यशवंतला नवा सदरा माझ्याकडून!”

पुढे डिझेलची इंजिनं आली, भांडार बंद पडलं. मी इंदुमतीच्या माळ्यावर पडून राहिलो. वाळवीने माझा एक कोपरा खाल्ला. पण काल तिच्या नातीने, बकुळने, मला खाली काढलं.

“दादी, ये क्या है?”

झालं! म्हातारी बोलत सुटली ती थांबेचना. आज मला तेलाचा हात मिळालाय. चुलीवर साबणाचं पातेलं चढलंय.

मित्रांनो, कागद बघून वस्तूची किंमत करू नका, ती वापरून बघा. जुनी अवजारं फेकण्याआधी ज्यांनी ती हाताळली त्यांना एकदा विचारा. आणि जरा बाजूला सरका बरं, बकुळ पातेलं घेऊन निघालीय!