हाताला लागेल ती

चांगुणाबाईंच्या दारी चाळीस कोंबड्या होत्या आणि एकीलाही नाव नव्हतं. "नाव दिलं की जीव गुततो, आन् जीव गुतला की सुरी अडती," असं त्या म्हणत. ऐकणारा मान डोलवायचाच, कारण चाकूर तालुक्यातल्या त्या गावात कोंबडीच्या बाबतीत चांगुणाबाईंचा शब्द शेवटचा. कुणाची पिलं माना टाकू लागली, कुणाचा कोंबडा माणसाच्या अंगावर धावून येऊ लागला, की बाया आधी त्यांच्याकडे यायच्या.

त्यांचा हात काय चीज आहे ते मनिषाने, त्यांच्या सुनेने, लग्नानंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच बघितलं. एक तांबडी कोंबडी खुडूक होऊन बसली होती. पोटाखाली एक अंडं नाही, तरी जागची हलेना. जवळ गेलं की पिसं फुलवून टोचायला यायची. चांगुणाबाईंनी तिला पाय धरून उचललं, बादलीत तीनदा बुडवलं, काखेत दाबलं, तिच्याच पंखाचं एक पीस उपटलं आणि एका नाकपुडीतून घालून दुसरीतून बाहेर काढलं. पीस तसंच आडवं ठेवून तिला सोडून दिलं. ती कोंबडी दोन दिवस डोकं झटकत अंगणभर फिरली.

"बसायचं याड जातंय त्यानं," चांगुणाबाई हात धूत म्हणाल्या. "आठ-दहा दिसांत परत अंडी देती का न्हाई बघ."

आणि दिली की! हीच तर पंचाईत होती. बाई दुष्ट आहे असं म्हणून मोकळं व्हावं, तर बाईचं म्हणणं दर वेळी खरं ठरायचं.

मनिषा नांदेडची. वडील रेल्वेच्या ऑफिसात शिपाई. तिनं आयुष्यात कोंबडी बघितली होती ती दुकानात सोललेली आणि काळ्या पिशवीत घातलेली. नवरा आनंदराज, तोही नांदेडलाच एका कॉलेजात क्लार्क. म्हणजे नांदेडची मुलगी नांदेडच्या नोकरदाराला दिली आणि ती येऊन पडली चाकूरकडच्या खेड्यात, सासूच्या कोंबड्या राखायला! आनंदराज तिकडे खोली करून राहायचा आणि पंधरा दिवसांनी शनिवारच्या एसटीने घरी यायचा. ऑफिसात तो चार माणसांना दमात घ्यायचा म्हणे, पण आईपुढे त्याची बोबडी वळायची.

दोन वर्षं अशी गेली. मग मे महिन्यात मुग्धाबाईंचा फोन आला. मनिषाच्या माहेरच्या गल्लीत त्यांची बालवाडी होती. "पंधरा जूनला ये. तुझ्यासाठी जागा ठेवते, पण तारीख चुकली तर मला दुसरी बघावी लागेल, आधीच सांगते," त्या म्हणाल्या. मनिषाने त्या दिवशी भाकरी दोनदा करपवल्या. पंधरा जून म्हणजे नोकरी, नवऱ्याची खोली आणि सकाळी उठल्यावर पायाखाली कोंबड्यांची घाण नसलेली फरशी. तिला दुसरं काहीही नको होतं.

"आईला तूच विचार," आनंदराज म्हणाला. तो दुसरं काय म्हणणार!

तिनं विचारलं. चांगुणाबाई ज्वारी पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "जा की. म्या कुठं दावं बांधलंय तुला? पर एक हाय. ज्या दिशी एका घावात कापशील, सोलशील, रांधशील आन् मला वाढशील, त्याच्या दुसऱ्या दिशी जा. कच्च्या हाताची बाई म्या शहरात न्हाई धाडत. सोलून खातील तुला तिथं."

कापायचीही त्या घरात एक रीत होती. आदल्या सांजेला अंडी देणाऱ्या कोंबड्या बांबूच्या मोठ्या डालग्याखाली वेगळ्या कोंडायच्या. अंडी न देणाऱ्या आणि वाढलेले कोंबडे खुराड्यात. तांबडं फुटताना खुराड्याच्या भोकातून आत हात घालायचा, न बघता, आणि पहिला पाय हाताला लागेल तो ओढायचा. लागलेला सोडून दुसरा धरायचा नाही. "निवडाय लागलीस की रडाय लागतीस," चांगुणाबाई सांगायच्या.

मेच्या अखेरीला मनिषाने पहिल्यांदा हात घातला. एक पिवळा कोंबडा लागला. एक पाय पंखांवर, एक पाय त्याच्या पायांवर, डाव्या हातात मान, सगळं सांगितल्याप्रमाणे केलं आणि सुरी टेकवताना डोळे मिटले. अर्ध्या कापलेल्या मानेनिशी कोंबडा तिच्या पायाखालून निसटला. रक्त उडवत अंगणभर धावला आणि तुराट्यांच्या ढिगात शिरला. कुंपणापलीकडून शेजारची गुरम्मा पदर तोंडाला लावून हसली, मग पदर काढून हसली.

"कुणी हात लावायचा न्हाई!" चांगुणाबाई बाजेवरून ओरडल्या. "हिनं अर्धं मारलंय, हीच पुरं करंल."

मनिषा गुडघ्यांवर बसून तुराट्या उपसत राहिली. आत तो घरघरत होता. हाताला लागला तेव्हा अजून गरम होता आणि तिच्याकडे बघत होता. तिनं पुरं केलं, पण चार घाव लागले. दुपारी जेवताना सासूने सगळ्यांना वाढून झाल्यावर तिच्या ताटात मान टाकली. "घे. मान तुला. तुजीच हाय ती."

मनिषाने ती खाल्ली. सासू बघत होती म्हणून हाडसुद्धा चोखलं. अपमान गिळायला रस्सा लागतो, हे त्या दिवशी तिला कळलं.

त्यानंतर ती शिकली. रोज सुरी दगडावर घासायची. पाय लुळे पडलेलं पिलू दिसलं की सासूच्या सांगण्याची वाट न बघता त्याची मान मुरगळायची. आधी रडू यायचं, मग तेही येईना. आपल्याला काहीच वाटत नाही याची तिला चार दिवस भीती वाटली आणि पाचव्या दिवशी तीही गेली.

आणि याच दिवसांत तिला करडीचं कळलं.

करडी हे नाव नव्हे, रंग. राखाडी ठिपक्यांची एक म्हातारी कोंबडी, डाव्या पायाचं मधलं बोट वाकडं. तिनं तीन वर्षांत अंडं दिलं नव्हतं. ज्या घरात महिनाभर अंडं न देणारीचा रस्सा होतो तिथं ही तीन वर्षं कशी जगली, हा प्रश्न मनिषाला कधी पडलाच नव्हता. एका भर दुपारी ती परसातून आली तर चांगुणाबाई दाराआड बसलेल्या, करडी मांडीवर, आणि त्या तिला दातांनी बारीक केलेला भाकरीचा तुकडा भरवत होत्या. "खा गं माय. त्यो असता तर त्यानंच चारलं असतं तुला." तो म्हणजे पंढरी, आनंदराजचा बाप. शेवटच्या वर्षी निलंग्याच्या बाजारातून शर्टाच्या खिशात घालून त्याने हे पिलू आणलं होतं, एवढं मनिषा आनंदराजकडून ऐकून होती. ती पाऊल न वाजवता मागे फिरली. मग तिनं लक्ष ठेवलं. कापायच्या आदल्या सांजेला चांगुणाबाई स्वतः करडीला उचलून अंडी देणाऱ्यांच्या डालग्याखाली सारायच्या. कुणाला सांगायच्या नाहीत, कुणी विचारायचं नाही.

कापायला तेरा जूनचा शनिवार ठरला. आनंदराज सकाळच्या गाडीने येणार होता. शुक्रवारी सांजेला विहारात गावातल्या एका म्हाताऱ्याचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. चांगुणाबाई पांढरं लुगडं नेसून निघाल्या. गुरम्माही कुंपणापाशी उभी होती.

"कोंबड्या तूच कोंड आज," त्या मनिषाला म्हणाल्या. "अंड्यावाल्या डालग्याखाली, बाकी खुराड्यात. बराबर?"

"हाव, आत्या."

त्या दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. "आन् ती..." म्हणाल्या. गुरम्माने मान वर केली. चाळीस वर्षं गावाला कठीण हाताचे धडे दिलेली बाई गुरम्मासमोर काय सांगणार होती? माझी एक कोंबडी वाचव म्हणून? चांगुणाबाईंनी तोंड मिटलं. "काई न्हाई," म्हणाल्या आणि गेल्या.

मनिषाने कोंबड्या कोंडल्या. शेवटी करडी राहिली. ती आपल्या आपण डालग्यापाशी जाऊन उभी होती, बिचारीला सवयच ती. मनिषाने तिला उचललं. हलकी होती, नुसती पिसं. अंडी न देणाऱ्या खुराड्यात, ही रीत कुणाची? सासूची. मनिषाने तिला खुराड्यात सारलं आणि झापा लावला.

तांबडं फुटलं. चांगुणाबाई बाजेवर बशीत चहा ओतत होत्या. मनिषाने भोकातून हात घातला. आत फडफड झाली. एक जाडजूड पाय मनगटाला घासून गेला. मग बोटांना लागलं ते वाकडं बोट.

सोडता आलं असतं. आत अंधार होता, कोण बघणार होतं? आणि सासूने घातलेली अट कुठल्याही कोंबड्याने पुरी झाली असती. सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं: त्या क्षणी मनिषाला पंधरा जून आठवला नाही, बालवाडी आठवली नाही. तिला ताटात पडलेली मान आठवली. तिनं पाय घट्ट धरला आणि ओढला.

चहाची बशी चांगुणाबाईंच्या हातात आडवी झाली. चहा मांडीवर सांडला, तो त्यांनी पुसला नाही.

"आत्या, हाताला लागली ती," मनिषा म्हणाली. "कापू?"

करडी ओरडलीसुद्धा नाही. माणसाच्या हातात असण्याचं तिला भय नव्हतं. गुरम्मा कुंपणाशी आली होती. चांगुणाबाईंचे ओठ दोनदा हलले. 'नगं' हा एवढासा शब्द, पण तो त्यांनी चाळीस वर्षांत वापरला नव्हता.

"काप," त्या म्हणाल्या.

एक घाव. डोळे उघडे ठेवून. मनिषाने ती टोपल्याखाली झाकली, थोडी धडपड झाली आणि थांबली. गुरम्मा "शाब्बास!" म्हणाली. मग गरम पाणी, पिसं, तुराट्यांच्या जाळावर भाजणं, हळद. पोट चिरलं तर आत अंड्याचा मागमूस नव्हता, नुसती पिवळी चरबी. रीतीप्रमाणे चुकलं काहीच नव्हतं.

शिजायला मात्र दुपार झाली. आनंदराज भुकेने कासावीस होऊन तीनदा चुलीपाशी येऊन गेला. शेवटी ताटं वाढली. मनिषाने रश्श्यातून एक तुकडा शोधून काढला आणि सासूच्या ताटात ठेवला. "मान तुम्हाला, आत्या."

आनंदराजला त्यातलं काय कळणार? त्याने एक घास चावला आणि तोंड वाकडं केलं. "कवाची कोंबडी होती ही? चामडं चावल्यावानी लागून राहिलंय."

चांगुणाबाईंनी मानेचा तुकडा तोंडात घातला. किती तरी वेळ चावला, गिळला.

"मीठ बराबर हाय," त्या म्हणाल्या. "उद्या जा."

मनिषाने बॅग भरली. तिला आनंद झाला होता, दोन वर्षांत झाला नव्हता इतका. रविवारी सकाळी मात्र तिला कोंबड्यांच्या कलकलाटाने जाग आली. ऊन दारापर्यंत आलं होतं आणि खुराडं बंदच होतं. चाळीस वर्षांत त्या घरात असं झालं नव्हतं. चांगुणाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. ताप नाही, दुखणं नाही. चाकूरच्या डॉक्टरने तपासून "काही नाही, अशक्तपणा आहे" म्हणून गोळ्या दिल्या.

"जाऊ दे तिला," त्या भिंतीलाच म्हणाल्या. "म्या जबान दिलीय."

पण आनंदराजने बॅग मनिषाच्या हातातून काढून घेतली. "अशी टाकून कसं जायचं गं आईला? कोंबड्या हायत, घर हाय. पंधरा दिवस थांब. मग बघू."

ती काय बोलणार होती? तुमच्या आईला मीच आजारी पाडलं, ते पण मुद्दाम? तिनं सोमवारी मुग्धाबाईंना फोन केला. त्या वाईट वाटून म्हणाल्या, "बरं," आणि आठवड्याने दुसरी बाई घेतली. आनंदराज पंधरा दिवसांनी शनिवारी येत राहिला. 'मग बघू' म्हणायचंही त्याने हळूहळू सोडलं.

चांगुणाबाई उठून बसू लागल्या, पण बाजेवरच. अंगणात कोंबड्या फिरत, पण बाई तिकडे बघत नसत. श्रावणात गुरम्मा आपली एक पांढरी कोंबडी काखेत मारून आली. सवयीने बाजेकडे वळली, पण चांगुणाबाईंनी तोंड भिंतीकडे केलं.

"मनिषा, तूच बघ की," ती म्हणाली. "खुडूक बसलीय मेली. सासूचा हात उतरलाय म्हणं तुज्यात."

मनिषाने कोंबडीला पाय धरून उचललं, बादलीत तीनदा बुडवलं, काखेत दाबलं आणि पंखाचं पीस उपटलं.

"हळू गं," बाजेवरून चांगुणाबाई म्हणाल्या.

मनिषाला ते ऐकू आलं. तिनं पीस नाकपुडीतून ओढून आडवं केलं आणि कोंबडी अंगणात सोडून दिली.